आत्याचा कापलेला खेळ

आमच्या वडशाकडे, गडचिरोली जिल्ह्यात, एक खोटं सगळ्यांना चालतं. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत गाडीवर भोंगा बांधून गावोगाव नाटकाची जाहिरात करतात आणि त्या भोंग्यावर जे सांगतात त्याच्या निम्मंही तंबूत नसतं. अंगाला घाम फोडणारं नृत्य, लाजलज्जा सोडलेली बाई, एकट्यानेच पाहावा असा प्रवेश, असं ओरडत गाडी फिरते. तंबूत मात्र एक बाई पदर खोचून सासूशी भांडते, मधे दोनतीन नाच होतात आणि शेवटी सगळे रडतात. लोक तिकीट काढतात, डोळे पुसतात, घरी जातात. भोंग्याने फसवलं म्हणून कोणी भांडायला आल्याचं मी ऐकलेलं नाही.

तो भोंगा माझ्या बापाचा. त्याची हयात त्यातच गेली. जेवायला या, एवढं म्हणायचं तरी तो असं म्हणतो की शेजारपाजारचे आमच्या ताटात डोकावतात.

आणि तंबूतली ती बाई म्हणजे माझी आत्या, बाबाची धाकटी बहीण. आधी नाचायला होती, मग सुनेच्या भूमिका मिळाल्या, मग आईच्या, मग एका हंगामात नाटक कंपनीची गाडी तिच्या दाराशी थांबलीच नाही. लग्न टिकलं नाही, पोरगं लहानपणीच गेलं. ज्यांनी पुढे बसून शिट्ट्या मारल्या त्यांच्या घरी कार्य असलं की ती अंगणातच उभी. आत बोलवायला कोणी नाही आणि जा म्हणायलाही कोणी नाही. आमचे लोक असेच आहेत. तोंडावर दार लावत नाहीत, नुसतं उघडं ठेवून आत निघून जातात.

मी बसस्टँडजवळ ऑनलाइन सेंटर चालवते. सातबारा, जातीचा दाखला, कॉलेजचे अर्ज. गडचिरोलीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला तेव्हापासून गेम बनवायचा नाद लागला. दोन लहान गेम परदेशी ऑनलाइन दुकानात टाकले होते, कोणी फिरकलं नाही. तिसरा आत्याचा करायचं ठरवलं, कारण तिच्याइतकं सांगण्यासारखं माझ्या ओळखीत कोणाकडेच नव्हतं. आणि घाई होती. खर्र्यातल्या तंबाखूने तिचा गळा खाल्ला होता. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर बोलणं संपलं.

तिला त्याचं फारसं काही वाटलं नसावं. तिला एकच हवं होतं. म्हणाली, "माह्यावर सगळे बोलले. मरायच्या आंधी माह्यं मी सांगतो. अन् घरात नाई सांगत. तिकीट काढून येनाऱ्याले सांगतो."

मग भर दुपारी सेंटरचं शटर अर्धं ओढून, भिंतीला गाद्या लावून, पंखा बंद करून आम्ही तिचा आवाज टेप केला. दोघी घामाने निथळत होतो. गेम साधा होता. तुम्ही तंबूमागच्या मेकअपच्या खोलीत शिरता. आरशासमोर बसलेली बाई वळून म्हणते, "या, बसा." हे वाक्य तिनेच घालायला लावलं. "मले कोनी म्हटलं नाई, मी तं म्हनीन," असं तिचं म्हणणं. मग ती तयार होत होत बोलते. तुम्ही वस्तूंना हात लावाल तसं पुढे सांगते. दोन नाचांच्या मधे पोराला पाजलं ते. गावच्या पुढाऱ्याच्या घरी उतरल्यावर कुडाच्या न्हाणीत अंघोळ करताना बाहेर पोरंटोरं नाही, चांगले कर्ते पुरुष उभे असत ते. नाटकाच्या ठेकेदाराने काय मागितलं आणि तिने काय दिलं, तेही. एका ठिकाणी तंबूच्या फाटक्या कापडातून तुम्हाला ती लुगडं बदलताना दिसते. पाहत राहिलात की ती न वळता विचारते, "पाहून झालं?" आणि पडदा काळा होतो. अंग म्हणाल तर एक पाठ दिसे, तीही माझ्या ओबडधोबड चित्रातली. लाज मला येत होती, तिला नाही. मी मधेच थांबले की म्हणायची, "चालू ठेव ना. मी जगलो, तुले ऐकाले काय होते?"

गेम टाकताना दुकानाने विचारलं की यात प्रौढांसाठी काय आहे, ते वर्णन लिहा. मी दोन ओळी लिहिल्या. बाबा मागे उभा होता. मी वाचून दाखवलं तर म्हणाला, "हे काय पोथी वाचून राह्यली का? असं लिहिल्यावर कुत्रं तरी येईल का? मी सांगतो तसं लिही." आणि त्याने आयुष्यभर केलं तेच केलं. पडद्यामागची उघडी बाई, लाज सोडून या, पोराबाळांना घरी ठेवा, असं काय काय तो भरभरून सांगत गेला. आत्या हसून हसून खोकली. "दादा, एवढं तं मी जवानीतही नाई केलं." मी ते सगळं इंग्रजीत केलं आणि टाकून दिलं. जाहिरातीची जागा होती, जाहिरात भरली. आमच्या तिघांच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

ऑपरेशन झालं. आत्या गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन परत आली. बोलायला तिच्याजवळ शाळेची पाटी. पडद्याखाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचत, तिचा आवाज ऐकत कुठले कुठले लोक तो गेम खेळत होते. फार नव्हते. पण एकाने लिहिलं की "पाहून झालं?" ऐकल्यावर मी खरंच मान खाली घातली. ते वाक्य आत्याने मला किती वेळा वाचायला लावलं असेल. प्रत्येक वेळी ती आपलं फडकं नीट करायची, एंट्रीआधी पदर नीट करतात तसं.

मग त्या वर्षी क्रेडिट कार्डवाल्या कंपन्यांनी त्या ऑनलाइन दुकानांना दम दिला. घाणेरडे गेम विकाल तर तुमचे पैसे आम्ही फिरवणार नाही. काही गेम खरोखर घाणेरडे होते, मी पाहिलेत, त्यांचं मला सुतक नाही. पण दुकानांनी निवडत बसण्याऐवजी सूपच उकिरड्यावर पालथं केलं. त्यात आत्याचा गेमही गेला. माणसाचं मुंडकं उडवायचे गेम जिथल्या तिथे होते, रक्ताच्या चिळकांड्यांसह, सणाच्या सवलतीत.

कोणता प्रसंग नियमात बसत नाही, असं मी विचारलं. उत्तरात त्यांनी बाबाचीच वाक्यं मला परत पाठवली. तुम्हीच असं लिहिलं आहे, म्हणाले. गेम कोणी उघडून पाहिला होता, असं त्या उत्तरात कुठेच दिसत नव्हतं. वर्णन खोटं होतं, आमच्याकडे तशी रीत आहे, असंही मी लिहिलं. तर म्हणे नुसतं वर्णन बदलून चालणार नाही, मजकूर बदलून पुन्हा पाठवा. काय बदलायचं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी ते उत्तर बाबाला अंगणात वाचून दाखवलं. तो म्हणाला, "भोंग्यावरचं कोनी खरं धरते का?" मी म्हणाले, "बाबा, तिचा गळा डॉक्टरनं कापला. आवाज तू कापला." तो उठला आणि बाहेर गेला. आत्याचं आणि आमचं अंगण एकच, पण त्या दिवसापासून त्याने तिच्या खोलीचा उंबरा चढणं सोडलं. पुढच्या मंडईला गाडीवर दुसराच माणूस ओरडत होता. लोक म्हणाले, बापाला असं बोलायला नको होतं. मी ते वाक्य परत घेतलं नाही आणि घेणारही नाही.

बदल करायचे म्हणजे काय करायचे? बोलणारी पाटीवर लिहीत होती. तिच्या तोंडी नवा शब्द घालता येत नव्हता. दुसऱ्या कोणाचा आवाज लावावा, तर आत्याने पाटीवर एवढंच लिहिलं: "दुसरी बाई नको." मग एकच काम उरलं, कापायचं. मी म्हणाले, आत्या, सोडून देऊ. तर तिने लिहिलं: "रोल लहान झाला म्हनून कोनी कंपनी सोडते का?" तिने कधी सोडली नव्हती हे खरं. नाच गेला तेव्हा सुनेवर राहिली, सून गेली तेव्हा आईवर.

आधी न्हाणी कापली. नाकारलं. ठेकेदार कापला. नाकारलं. तंबूचं फाटकं कापड काढलं, तिचा तो प्रश्नही गेला. नाकारलं. पोराला पाजायचा प्रसंग आला तेव्हा तिने माऊसवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, थांबवतेय. तिने माझं बोट खाली दाबलं. ते पोर दुसऱ्यांदा गेलं, या वेळी तिच्याच हाताने. तेही नाकारलं.

त्याच दिवसांत जवळच्या गावातला एक मंडई कमिटीवाला सातबारा काढायला आला. मोठा प्रतिष्ठित माणूस. त्याच्या गावात आत्या पुष्कळदा नाचली होती आणि त्याने माईकवरून तिला बक्षीस जाहीर केलेलं बाबाला आठवत होतं. कागद हातात घेतल्यावर तो काउंटरवर वाकला. "ते बाईवालं गेम, बंद झालं म्हन्ते. पेन ड्राइव्हमधी भेटल का?" आत्या माझ्या बाजूला स्टुलावर बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्या बाईले काय झालं?"

"गळ्याचं ऑपरेशन. अन् ते बाईवालं गेम ह्यायचंच हाये. लाजू नका, काय पाहायचं ते पाहून घ्या."

त्याने फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मले वाटलं कोनी तरनी असन." आणि कागदाची घडी करत निघाला. आत्याने पाटीवर घाईघाईने काहीतरी लिहून ती वर धरली, पण तोवर त्याची पाठ झाली होती. मी वाचलं. "होतो ना." त्याला हाक मारून वाचून दाखवावं असं मनात आलं होतं. आत्याने पाटी पुसून टाकली.

शेवटी गेममधून मी ती बाईच काढली. तिचं चित्र काढून टाकलं, बोलणं काढून टाकलं. आता तंबूमागची खोली होती, आरसा होता, खिळ्याला घुंगरू होते, बाहेर धानाच्या बांध्यांवर धुकं होतं. सुरुवातीचं "या, बसा" तेवढं राहिलं, त्यात कोणाला काही सापडलं नसावं. दुकानाने लगेच घेतला. सर्व वयांसाठी योग्य. पहिल्याच आठवड्यात एकाने लिहिलं की फार शांत गेम आहे, मुलांना घेऊन खेळलो, आत एखादं माणूस असतं तर मजा आली असती. मी ते आत्याला वाचून दाखवलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मागितलंही नाही.

मूळ गेम माझ्याकडे आहे, पुरता. मी म्हणाले, तुझ्या मोबाइलमध्ये टाकून देते, वाटेल तेव्हा ऐक, येणाऱ्याला ऐकव. तिला राग आला. पाटीवर खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं: "तिकीट काढून येनाऱ्याले. घरात लपून नाई." दुकानातला कापलेला गेमच मोबाइलमध्ये घ्यायला लावला, तोही विकत.

आता तिच्याकडे कोणी आलं की ती मोबाइल काढते आणि गेम उघडते. जुना, ठसठशीत आवाज खोलीत येतो. "या, बसा." लोक दचकतात, हसतात, बसतात. ती पुन्हा दाबत नाही. पुढे काहीच नाही हे तिला माहीत आहे.

परवा बाबा आला. इतक्या दिवसांनी उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. हातात तिच्या औषधाची पिशवी होती. मी आत भाजी निवडत होते. आत्याने बराच वेळ त्याला तसंच उभं राहू दिलं. मग मोबाइल घेतला आणि दाबला.

"या, बसा."

बाबा आत येऊन खाटेच्या काठावर बसला. मोबाइलवर रिकामा आरसा होता. तो त्याच्याकडे पाहत राहिला, पुढचं वाक्य येईल म्हणून. जाहिरात त्याचीच होती. तंबूत काही नसतं, हे त्याला तरी कळायला हवं होतं.