कारखान्यातला रंग

“माझे वडील खोटं बोलत होते का, एवढंच सांगा. बाकी मला काही नको,” असं म्हणत ती बाई आमच्या वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. मागे तिची गाडी होती. दोन दारांची, बसकी, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. मी एका पत्र्यावर पाणी मारून पॉलिश पेपर घासत होते, कोपरापर्यंत राखाडी चिखल. मान वर करून गाडीचा रंग बघितला आणि हातातला पेपर खाली ठेवला. तो रंग मी पूर्वी एकदाच, तळहाताएवढा, पाहिला होता. आणि माझा भाऊ गेले काही आठवडे त्या रंगाचं नावही काढू देत नव्हता.

माझा भाऊ म्हणजे आमचा दादा. गाड्यांचा रंगारी. वहिनी गेल्यापासून तो एकटा, आणि नवऱ्याला कायमचा रामराम ठोकल्यापासून मीही एकटी, म्हणून वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं एकमेकांची डोकी खात राहतो. नुसतं रंगकाम कुणीही करतं. दादाचं नाव झालं ते वेगळ्या कामासाठी. जुन्या गाड्यांचे हौशी मालक त्याच्याकडे यायचे आणि विचारायचे, ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा कोणत्या रंगाची होती? मूळ रंगाची गाडी म्हटली की या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. आपल्या आजोबांचा मूळ धंदा काय होता हे कुणी विचारलं तर मात्र विषय बदलतात.

या कामात काय काय बघावं लागतं ते मला विचारा. मूळ रंग सापडतो तो नंतरच्या रंगाऱ्याचा हात जिथे पोचला नाही तिथे. दाराच्या रबराखाली, डिकीतल्या गालिच्याखाली, डॅशबोर्डच्या मागे. आणि तिथेच माणसांची सगळी घाण साठलेली असते. उंदरांच्या लेंड्या, कुजलेला स्पंज, केसांचे गुंते, चघळून चिकटवलेलं च्युइंगम, कुणीतरी कुरतडून टाकलेली नखं. वर चकाचक पॉलिश आणि आत हे. ते सगळं मी काढायचं, मग दादा अगदी बारीक पेपर घेऊन नाण्याएवढी जागा हळूहळू घासायचा. थर उघडे पडत जायचे, एकात एक कड्या. लाल, त्याखाली काळा, त्याखाली कुणाच्या तरी बायकोच्या आवडीचा पिवळा. सगळ्यांत खाली प्रायमर, म्हणजे पत्र्यावरचं अस्तर, आणि त्याला लागून असलेला पहिला थर. तो बघून दादा रंगांचे थेंब मिसळायला बसायचा आणि हुबेहूब तसाच रंग उभा करायचा. रंग मोजायची यंत्रं आली, तर त्याने त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. “माझा डोळा आहे,” म्हणायचा. जसे काही बाकीच्यांच्या खोबणीत गोट्याच बसवल्यात.

त्याचा डोळा होता, हे मी नाकारत नाही. पण त्या डोळ्याचा त्याने जो तोरा मिरवला, त्याने मला वीट आणला होता. जेवताना ताट बघून “या पांढऱ्यात काळ्याचा थेंब पडलाय” म्हणणाऱ्या माणसाबरोबर राहून दाखवा.

तर एक दिवस आमच्याकडे दातवाले आले. ते दातांचे डॉक्टर, आणि जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष. स्वतःचे दात असे पांढरे, की बोलताना मला खाली बघावंसं वाटायचं. दादाशी हात मिळवला की लगेच खिशातला ओला कागद काढून बोटं पुसायचे, एकेक बोट, आमच्यासमोर. त्यांच्याकडे दारातल्या या बाईच्या गाडीच्याच मॉडेलची गाडी होती. कारखान्याने त्या वर्षी त्या गाडीला एक फिकट रंग दिला होता, त्याला ‘धुकं’ म्हणायचे. कारखाना कधीच बंद पडला, शेड कार्ड कुणाकडे उरलं नाही आणि जो तो आपापलं धुकं खरं म्हणून भांडत होता. दातवाल्यांना हा तंटा कायमचा मिटवायचा होता, अर्थात आपल्या गाडीच्या बाजूने.

दादा डॅशबोर्डखाली उताणा शिरला. मीटरच्या मागे त्याला तळहाताएवढा तुकडा सापडला, कुणीच न रंगवलेला. हातात दिवा धरून त्याने त्यावरून नमुना केला आणि एका पत्र्यावर रंग मारून बाहेर आणला. मी आत डोकावले होते. तिथला रंग मला निळसर वाटला होता.

“दादा, तुझा हिरवट वाटतोय रे,” मी म्हटलं.

“तू पेपर मार,” तो म्हणाला.

त्या काळात तो भर दुपारी ट्यूबलाइट लावायला लागला होता आणि खिडक्या घाण आहेत म्हणून मला सारख्या काचा धुवायला लावायचा. मी धुवायचे. काचा बिचाऱ्या स्वच्छच होत्या.

दातवाल्यांनी तो पत्रा क्लबमध्ये नेला. दादाचा डोळा म्हटल्यावर कोण बोलणार! तोच रंग म्हणजे अधिकृत धुकं असं ठरलं. पाठोपाठ दातवाल्यांनी आपली गाडी दुसऱ्या मोठ्या गॅरेजमध्ये नेऊन पत्र्यापर्यंत खरवडून काढली आणि आतबाहेर नवा रंग मारून घेतला. मीटरच्या मागेसुद्धा. मूळ, मूळ म्हणून आयुष्यभर नाचलेल्या माणसाने मूळ रंगाचा हाती लागलेला तुकडा स्वतःच घासून टाकला. तसल्या गाड्या असणाऱ्या बाकीच्यांनीही त्यांच्यामागून आपापल्या गाड्या रंगवल्या. एका प्रदर्शनात त्या सगळ्या ओळीने उभ्या केलेल्या मी बघितल्या. शिळ्या पाण्यावर तवंग येतो तसला रंग, आणि मालक त्यावर हात फिरवताहेत. मला तिथे उभं राहवेना.

पुढे दादा जिन्यावरून पडता पडता वाचला तेव्हा मी त्याला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून पिवळे झालेले. डॉक्टर म्हणाले, “बरीच वर्षं यांना निळा रंग नीट दिसलाच नसेल.” एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी आला, वर्कशॉपमधून जिन्याकडे जाताना भिंतीवर टांगलेल्या धुक्याच्या नमुन्यासमोर थांबला. क्लबला दिला त्याचाच तो जोडपत्रा होता.

“हा घाणेरडा रंग कुणी केला?” त्याने विचारलं.

“तूच,” मी म्हटलं.

तो खुर्चीत बसला. मी म्हटलं, “दातवाल्यांना फोन कर. चुकलं म्हणून सांग.” तर म्हणे, आता पुरावा कुठे आहे? तो तुकडा गेला. कदाचित मूळ रंगच जुना होऊन तसा दिसत असेल. कदाचित आता मलाच जास्त निळं दिसत असेल. पत्रा त्याने काढून रद्दीच्या खाली सरकवला आणि मला गप्प बसायला सांगितलं. लोकांच्या गाड्यांतली घाण काढून माझं आयुष्य गेलं, कधी नाक मुरडलं नाही. पण त्या दिवशी मला सख्ख्या भावाची किळस आली.

आणि मग ही बाई दारात.

ती कपडे शिवायची. गळ्यात टेप तसाच राहिला होता, बाहीला दोऱ्याचे तुकडे. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ही गाडी त्यांनी तरुणपणी पहिल्या मालकाकडून घेतली होती. त्यांचं म्हणणं एकच असायचं, या गाडीला कारखान्यानंतर कुणाचा ब्रश लागलेला नाही. क्लबच्या पुढच्या प्रदर्शनाच्या वेळी, मी तिथे गेले नव्हते, ते आजारी होते, म्हणून त्यांनी मुलीला पाठवलं. “जा, लोकांना खरं धुकं दाखव.” दातवाल्यांनी आमचा नमुना तिच्या गाडीला लावून बघितला आणि माईकवर म्हणाले, “कुणीतरी घरी बसून हौसेने रंग फासलेला दिसतोय. जुने लोक, आपलंच खरं करतात.” लोक हसले.

“मी रोज कापडाच्या रंगाला दोरा जुळवते, काका,” ती दादाला म्हणाली. “मला त्या नमुन्यातला आणि आमच्या गाडीच्या रंगातला फरक दिसला. तरी मी तुमच्या नमुन्यावर विश्वास ठेवला. तो तुमचा होता ना?”

“माझाच,” दादा म्हणाला.

“मग आता नीट बघा.”

दादाने बघायला सुरुवात केली. मी रबर काढून दिलं, गालिचा उचलला. सांगायला हरकत नाही, इतकी स्वच्छ गाडी मी जन्मात उघडली नव्हती. गालिच्याखाली धूळसुद्धा घडी घातल्यासारखी. दादाने दाराच्या कडेला घासलं, डिकीत घासलं, नंबरप्लेटच्या मागे घासलं. सगळीकडे तेच. वर एकच थर, त्याखाली कारखान्याचा करडा प्रायमर, त्याखाली पत्रा. मध्ये दुसरं काही नाही. एका कोपऱ्यात कारखान्यातल्या कुणाच्या तरी हातून रंगाचा ओघळ आला होता, तोही तसाच. दादाने त्या ओघळावरून बोट फिरवलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

“तुमचे वडील खरं बोलत होते,” तो म्हणाला. “हाच मूळ रंग. चूक माझी. मला मोतीबिंदू होता, मला निळं दिसत नव्हतं आणि मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. ही ओरडून सांगत होती.”

मी ओरडले नव्हते. पण त्याने तेवढं म्हटलं, मला बरं वाटलं.

ती बाई बॉनेटवर हात ठेवून उभी होती. दादाला वाटलं, एवढ्याने तिचं समाधान झालं नाही. त्याने तिच्यासमोरच दातवाल्यांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळं सांगितलं, मोतीबिंदूपासून एका थरापर्यंत.

पलीकडून हसू आलं. “अहो, तुम्ही नमुना केलात तेव्हा तुमचे डोळे ओरिजिनल होते. आता त्यात प्लॅस्टिकच्या काचा बसवल्यात. क्लबने कोणते डोळे धरायचे, तुम्हीच सांगा.”

“डॉक्टर, थर मोजायला डोळा लागत नाही. नख पुरतं. तुम्ही येऊन बघा.”

“कशाला बघू? इतक्या जणांनी गाड्या रंगवल्या, बक्षिसं झाली, फोटो छापून आले. आता सगळ्यांना धुकं म्हणजे तोच रंग माहीत आहे. त्या म्हातारबुवांचा मान ठेवायचा तर आम्ही सगळ्यांनी परत गाड्या खरवडायच्या का? जाऊ द्या हो. चांगला दिसतो तो रंग.”

मी दादाच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, “चांगला? नाल्याकाठच्या शेवाळासारखा दिसतो. तुमच्या गाड्यांच्या ओळीत उभं राहिलं की ओकारी येते.” आणि ठेवून दिला. एवढ्याने काय होणार होतं? पण तो आवाज, तो दातांमधून आलेला गोड आवाज, मला कानात ठेवून घ्यायचा नव्हता. लोक चुकतात. चूक उघडी पडल्यावर तिच्यावर पॉलिश मारून बसणाऱ्यांची मात्र मला शिसारी येते. माझा भाऊ थोडक्यात त्यांतून वाचला होता.

आता दादा एकदम हलका झाला होता. रॉकेलने हात घासायला लागला, नखांतला रंग काढायला लागला. “क्लब गेला खड्ड्यात,” म्हणाला. “चला बाई, मी तुमच्याबरोबर येतो. तुमच्या वडिलांना मी स्वतः तोंडावर सांगतो, की माझं चुकलं. त्यांच्याकडून चार शिव्या खायला मला आवडतील.” मला हाक मारून धुतलेला शर्ट मागितला. कित्येक दिवसांनी तो असा उत्साहाने बोलत होता. मी पळतच वर गेले, शर्ट घेऊन आले आणि त्याच्या अंगावर धरला. त्याने एक हात बाहीत घातला.

“काका, बाबा गेले,” ती म्हणाली. “प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत.”

दादाचा दुसरा हात बाहेरच राहिला.

“त्या दिवशी घरी जाऊन मी त्यांना म्हटलं, सगळ्यांसमोर माझी शोभा झाली, खोटारडे आहात तुम्ही. ते म्हणाले, ‘मी हात लावला नाही गं.’ मी म्हटलं, आता पुरे. ज्यांना रंगातलं कळतं, तेच सांगताहेत.”

तिने टेप गळ्यातून काढला, हातात गुंडाळला. रडली नाही. दादाने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, मग ते काय म्हणाले?

“त्यांच्याकडच्या गाडीच्या किल्ल्या काढून माझ्या शिलाई मशीनवर आणून ठेवल्या. ते होते तोवर मी त्या तिथून हलवल्या नाहीत, आणि त्यांनी परत मागितल्या नाहीत.”

दादाचा एक हात बाहीत तसाच होता. तिने त्याच किल्लीने गाडी सुरू केली.