अकराचा फोन

आमच्या भट्टीशेजारच्या भिंतीवर शाळेतला एक काळा फळा टांगलेला आहे. तोतोपो, म्हणजे मक्याच्या कडक भाकऱ्या, भाजताना पिठाचे हात लागून त्याची खालची कड पांढरी झाली आहे. फळा माझ्या नणंदेचा, आंपारोचा. पण ती बाहेर गेली की खडू माझ्या हातात येतो.

आंपारो बत्तीस वर्षं बातम्या लिहिते आहे. पहिली बारा वर्षं शहरातल्या वर्तमानपत्रात गेली. नदीतली वाळू कोण उपसतो ते तिने नावानिशी लिहिलं, तेव्हा मालकाने तिला माफीचा मजकूर लिहून आणायला सांगितलं. ती घरी आली ती पुन्हा गेलीच नाही. स्वतःचं चार पानी पत्रक काढून बाजारात कोळंबीवाल्या बायकांच्या रांगेत उभी राहून विकू लागली. आता ते फोनवर निघतं. माझा नवरा मेलेसिओ तेव्हा होता. त्याने बहिणीला विचारलं, "आता खाणार काय?"

"वहिनीचे तोतोपो," ती म्हणाली.

मेलेसिओ गेला, ती अजून तेच खाते आहे, आणि वर मीठ कमी पडल्याचंही सांगते.

फळा आला इसाईआसमुळे. तो आंपारोबरोबर काम करायचा. एका सकाळी दहाला तो रस्ता अडवलेल्या शेतकऱ्यांकडे निघाला. बायकोला वाटलं, कचेरीत असेल. कचेरीला वाटलं, घरी असेल. शोधायला कुणी निघालं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि सापडलं ते फक्त त्याचं शरीर. आंपारो त्या आठवड्यात रडली नाही. शाळेच्या अडगळीतून फळा आणला आणि गावोगावच्या बातमीदारांना बोलावून नियम सांगितला. बाहेर पडणाऱ्याने कुठे जातो ते कळवायचं आणि दर तासाला फोन करायचा. दोन फोन चुकले की अर्धा तास थांबायचं. मग त्याचं नाव, फोटो, रस्ता सगळीकडे पाठवायचा: बातमीदारांना, राजधानीतल्या संस्थांना आणि आमच्या गावच्या रेडिओला. रेडिओ सगळ्यात महत्त्वाचा, कारण खाडीकडच्या वस्त्यांत फोन लागत नाहीत, पण रेडिओ प्रत्येक चुलीपाशी चालू असतो.

"नाव गाजलं की उचलणाऱ्याला माणूस जड होतो," ती म्हणायची.

हेच सांगायला तिला राजधानीत सभांना बोलावत. एकदा तिकडून धोक्याच्या वेळी दाबायचं एक बटण घेऊन आली. आमच्या घरात ते चालेना. फक्त छपरावर चाले.

"म्हणजे मारायला आले की आधी शिडी लावायची," मी म्हटलं.

"हो. आणि तू शिडी धर."

अकरा बातमीदारांची नावं फळ्यावर होती. सात वर्षं हे नीट चाललं. मग नाबोरचं प्रकरण झालं.

नाबोर जमिनीच्या भांडणाची बातमी करायला शेजारच्या गावी गेला आणि अकराचा, बाराचा, दोन्ही फोन चुकले. आंपारोने साडेबाराला त्याचं नाव सगळीकडे सोडलं. एकला रेडिओने फोटोचं वर्णन सांगितलं, अंगातल्या निळ्या सदऱ्यासकट. त्याच्या अंगणात पन्नास माणसं जमली. शेजारणींनी मोठं पातेलं चढवलं, कुणी मेणबत्ती लावली. नाबोर त्या वेळी एका विधवा शिंपिणीच्या घरी होता, फोन बंद करून. पण शिंपिणीचा रेडिओ चालू होता. दोनला तो अंगणात येऊन उभा राहिला, निळा सदरा उलटा घातलेला.

त्याची बायको एल्वीरा बाजारात सुकी कोळंबी विकते. तिने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "रडून झालंय माझं," ती म्हणाली. "आता कशासाठी रडले तेवढं सांग."

महिनाभर गाव हसलं. नवरा उशिरा आला की बायका म्हणायच्या, आंपारोला सांगू का, फळ्यावर घालेल. रेडिओवाल्याने स्पष्ट कळवलं, की यापुढे आधी शिंपिणीकडे चौकशी करा, मग माझ्याकडे या. नाबोरने सगळ्यांना लिहिलं की हा फळा नसून पाळत आहे. पाच जणांनी नावं काढून घेतली, त्यात तोही. आंपारोने स्वतःच्या हाताने ती पुसली आणि नियम बदलला: नाव सोडण्याआधी घरच्यांना विचारायचं.

"तेवढा वेळ इसाईआसला मिळाला असता का?" मी विचारलं.

"माहीत आहे मला, वहिनी," ती म्हणाली आणि मिठाचा डबा उगाच पुढे ओढला.

मार्चमधल्या एका मंगळवारी सेलेरिनो मिठागरांकडे गेला. तो टॅक्सी चालवतो आणि फेऱ्यांच्या मधल्या वेळात बातम्या करतो. मिठागरांना कुणीतरी परस्पर कुंपण घातलं होतं, त्याचे फोटो काढायचे होते. दहाचा फोन आला. अकराचा आला नाही. बाराचाही नाही.

आंपारोने त्याच्या बायकोला, फ्लोरीनाला फोन लावला. "त्याची बॅटरी नेहमीच मरते," फ्लोरीना म्हणाली. "आणि टॅक्सी त्याहून म्हातारी. थांबा थोडं, बाई. आमचं हसं नको."

बातमीदारांनीही तेच लिहिलं. थांबा. परत तसं नको. रेडिओवाला तर म्हणाला, "तीनपर्यंत बघू. तोपर्यंत गाणी लावतो."

घड्याळात साडेबारा होऊन गेले होते. वारा इतका होता की फळा भिंतीवर आपटत होता. आंपारो त्याला एका हाताने दाबून उभी होती. खोटं ठरलं तर उरलेले सहाही जातील आणि फळा उतरवावा लागेल, हे तिला कळत होतं. खरं असेल तर प्रत्येक मिनिट सेलेरिनोचं जात होतं. मी भट्टीतून तोतोपो काढायचे विसरले. एक संपूर्ण थर जळला.

एल्वीरा रोजच्यासारखी तोतोपो न्यायला आली होती. जळका वास घेऊन तिने आमच्या दोघींकडे पाहिलं आणि मग फळ्याकडे.

"माझ्या नवऱ्याच्या वेळी किती थांबली होतीस?"

"अर्धा तास," आंपारो म्हणाली.

"मग याच्या वेळी काय अडलंय?"

"तुझ्या वेळचंच अडलंय, एल्वीरा. तुझी शोभा झाली ती माझ्यामुळे."

"शोभा त्याने केली. तू फक्त शोधलास." तिने टोपली डोक्यावरून उतरवलीच नाही. "दुसरीकडे सापडला, पण सापडला ना? पाठव नाव. रेडिओवाल्याकडे मी जाते."

आंपारोने नाव पाठवलं. एल्वीरा खरंच गेली. रेडिओचं केंद्र दोन गल्ल्या सोडून आहे. ती कोळंबीची टोपली रेडिओवाल्याच्या टेबलावर ठेवून समोर बसली आणि म्हणाली, "हसू आलं तर माझ्यावर हस. पण आधी वाच." पाऊण वाजता मधेच गाणं थांबलं. आम्ही भट्टीपाशी सेलेरिनोचं नाव ऐकलं, टॅक्सीचा रंग ऐकला, मिठागरांचा रस्ता ऐकला. दर दहा मिनिटांनी ऐकलं.

सेलेरिनो चारच्या सुमाराला चालत आला. अनवाणी होता. टॅक्सी गेली होती, फोन गेला होता, एक कान सुजून बंद झाला होता. फ्लोरीनाने त्याला आमच्याच अंगणात पकडलं आणि सोडलं नाही.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने सांगितलं, "तिघं होते. गाडीत पोत्यावर पालथं झोपवलं होतं मला. मग एकाचा फोन वाजला. तो लांब जाऊन बोलला, परत आला आणि म्हणाला, उतर."

"काय बोलला?" आंपारोने विचारलं.

"हा कान बंद, बाई. आणि दुसरा पोत्यावर."

संध्याकाळी आंपारो बातमी लिहायला बसली. मी मागून वाचत होते. मी म्हटलं, "घाल ना, की रेडिओवर नाव आल्यामुळे सोडलं. घातलंस की सगळे परत येतील फळ्यावर."

"तुला माहीत आहे का, कशामुळे सोडलं ते?"

"दिसतंच आहे की."

"मला नाही माहीत. त्यांची जेवणाची वेळ झाली असेल. मालकाचा विचार बदलला असेल." तिने लिहिलं की साडेबारानंतर त्याचं नाव जाहीर केलं, आणि दुपारी त्याला सोडण्यात आलं. दोन वाक्यांच्या मधे पूर्णविराम दिला आणि तो तसाच ठेवला. बत्तीस वर्षांत तिच्या उपयोगी पडेल असं एक वाक्य समोर आलं होतं, तेही तिने गाळलं. मला राग आला. रात्रीच्या जेवणात मी मीठ मुद्दामच कमी घातलं. तिने ते तसंच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सहाच नावं होती. सेलेरिनोच्या नावापुढे मी 'घरी' लिहिलं होतं. आंपारो त्याच्याबरोबर तक्रार नोंदवायला गेली होती. बरोब्बर अकराला फोन वाजला.

"वहिनी, मी नाबोर. खडू घ्या."

"तुझं नाव नाहीये इथे."

"म्हणून तर म्हणतोय, घ्या. मी मिठागरांकडे निघालोय, कुंपणाचे फोटो राहिलेत. आम्ही तिघं आहोत एका गाडीत."

"खरं कशावरून?"

पलीकडे थोडी गडबड झाली. मग एल्वीराचा आवाज आला. "लिही गं. मी बसवलंय त्याला गाडीत. बाराला फोन नाही आला, तर मला विचारत बसू नकोस."