शेतातली रिकामी खोप

पांडू,

लोधिवली सोडली ती सकाळ तुला आठवत असेल. तू बैल धरून बाजूला उभा होतास. मी मुंबईहून बाप्तिस्मा घेऊन आलो होतो आणि दोन दिवस पडवीतच झोपत होतो, कारण मला आत घ्यायचं की नाही हे भावकीचं ठरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ठरलं. शिवेवर बाबांनी पाण्याने भरलेलं नवं मडकं माझ्या नावाने खांद्यावरून मागे टाकलं. ते फुटल्यावर सगळे मयताहून वळतात तसे, मागे न बघता घराकडे वळले. मी तिथेच उभा होतो, जिवंत. आई तेवढी वळताना बोलली, तीही माझ्याकडे न बघता: "भाकर ठेवलेय रं दगडावर." ती मेलेल्यासाठी ठेवली होती की वाटेवरच्या माणसासाठी, हे मला आजवर कळलेलं नाही. मी ती चौक गावच्या धर्मशाळेत बसून खाल्ली आणि कर्जतला जाऊन गाडी धरली.

भायखळ्याच्या मागे गिरणीवाल्यांच्या एका चाळीत आमची मंडळी राहत होती. मंडळी म्हणजे ख्रिस्ती घरं, पंधरा-सोळा. कोणी नगरकडचे, कोणी जुन्नरकडचे, आपल्या बाजूचा मी एकटा. खोल्यांत भरदिवसाही दिवा लावावा लागे. जिन्याखालून गटार वाहायचं आणि नळावर पहाटेपासून भांडणं. पण रविवारी एका खोलीतलं सामान बाहेर काढून तिथे उपासना व्हायची आणि एकच पेला सगळ्यांच्या ओठांना लागायचा. गावात माझा तांब्या वेगळा केलेला होता, इथे माझा उष्टा पेला दुसरा माणूस आनंदाने घेत होता. मी त्यांच्या मुलांना शिकवायचो, पाळकसाहेब नसले की प्रार्थना चालवायचो. सगळे मला मास्तर म्हणत. तरी एक सल होता. इतरांचे भाऊ, आया, सासवा हळूहळू येऊन त्यांच्या शेजारी बसू लागल्या. माझ्या शेजारच्या चटईवर माझ्या रक्ताचं कोणी नव्हतं.

मग चंद्री आली. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, ते तुला माहीत आहे. घरात रोज धुसफूस, आणि एक दिवस आई रागाच्या भरात म्हणाली, जा तुझ्या त्या बाटग्या भावाकडं. ती खरंच निघून आली. दोन वर्षं माझ्याकडे राहिली. एका कोपऱ्यात वेगळी चूल, वेगळं पाणी. मी कधी हट्ट केला नाही. ती नळावरून येताना दाराशी थांबून गाणी ऐकायची आणि मला चिडवायची, "दादा, तुजा आवाज रेड्यावानी हाय रं. देव कसा ऐकतो?" पुढे दाराच्या आत बसू लागली. अक्षरं शिकली. बाप्तिस्म्याचं विचारलं की म्हणायची, "बघू. आयला काय वाटंल?"

त्या थंडीत मुंबईत गाठीच्या तापाची, प्लेगची, साथ आली. माणसं ट्रंका डोक्यावर घेऊन स्टेशनाकडे पळत होती. एका गुरुवारी आपला गोमा गाडीवान गवताचे भारे पोचवून माझ्या दारात आला. खोलीत शिरला नाही, बाहेरूनच बोलला.

"आयनं सांगितलंय, चंद्रीला धाडून दे. शेतात खोप बांदलेय तिच्यासाटी. धा-बारा दिस थितं रायाचं, मंग घरात. भावकीला विचारलंय. पन तुज्यावानी डोक्यावर ते पानी घेतलं नसंल तरच. मी शनवारी जातो, संगं नेतो तिला."

चंद्री तेव्हा समोरच नळावर होती. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. येत्या रविवारी बाप्तिस्मे होते. मी गोमाला म्हणालो, "विचारून सांगतो."

मी विचारलं नाही. शनिवारी गोमा आला तेव्हा मीच जिन्याखाली गेलो आणि म्हणालो, ती नको म्हणते. त्याने मान हलवली. "इचारलं ना तिला नीट?" मी हो म्हणालो. तो गेला.

त्या संध्याकाळी तांदूळ निवडताना तीच म्हणाली, "दादा, आयनं बोलावलं असतं नाय रं, तिला कळलं असतं तर?" मी म्हणालो, गावाला साथीची भीती असेल, कोणाला घेत नसतील. तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मंग उद्या माजं पन नाव घाल." नाव घाल असं ती आपणहून म्हणाली, हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. खरं हे की दुसरी वाट मी तिच्यापासून लपवली होती.

रविवारी ती माझ्या शेजारच्या चटईवर बसली. त्या दिवसाएवढा आनंद मला आयुष्यात झाला नाही. तोच आता गिळवत नाही. अकराव्या दिवशी काखेत गाठ आली. तीन दिवसांत ती गेली.

पुरताना मंडळी हादरलेली होती. निम्म्या घरांनी बोचकी बांधली होती. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि मी म्हणालो की चंद्रीला घरून बोलावणं आलं होतं, तरी ती प्रभूच्या आणि आपल्या मंडळीच्या सोबत राहिली. हे मी का म्हणालो? तिचं मरण फुकट जाऊ नये म्हणून, असं तेव्हा वाटलं. माणसांनी बोचकी सोडली. आजाऱ्यांची सेवा करू लागले, एकमेकांच्या चुली पेटवू लागले. "चंद्राबाई राहिली," असं एकमेकांना सांगत. त्या चाळीत एवढी आशा मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. पावसाळ्यापर्यंत त्यांतले नऊ जण साथीत गेले.

पावसानंतर मी चोरून गावाकडे आलो होतो, हे तुला आईने सांगितलं नसेल. ती शेतात होती. चंद्री गेल्याचं तिला कळलेलं होतं. बांधाशी खोप अजून उभी होती. आत जमीन शेणाने सारवलेली, कोपऱ्यात नवं मडकं, वर पालथं झाकण. आई म्हणाली, "सांगितलं व्हतंस ना रं तिला?"

मी हो म्हणालो.

"मंग?"

"नको म्हणाली."

आई खाली बसली. "माजा राग व्हता तिला. मीच म्हनलं व्हतं जा म्हणून."

तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही.

गेल्या रविवारी मी उपासनेत उभा राहून सगळं सांगितलं. आता आम्ही उरलो आहोत चौदा जण. जिचा सायमन त्या साथीत गेला ती सालोबाई म्हणाली: "मास्तर, माझा लेक सासुरवाडीला निघाला होता. चंद्राबाईचं ऐकून थांबला." एवढंच. रागावली नाही. मग तिनेच गाणं सुरू केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी पापांच्या क्षमेवर इतकी वर्षं शिकवलं. ती मिळते असं मी अजून मानतो. मला मिळाली असं वाटत नाही.

तुला वाचता येत नाही. हे पत्र तू खालापूरच्या कचेरीतल्या कोणाकडून वाचून घेशील, मग ते भावकीतही पोचेल. पोचू दे. इथे माझ्यासारखे गाव सोडून आलेले पुष्कळ आहेत, त्यांना घर म्हटलं की अंगण, विहीर, ओटा आठवतो. मला ती खोप आठवते. मला त्या घरातून काढलं होतं हे खरं, पण तिच्यासाठी तिथे जागा सारवून ठेवली होती, आणि तिथपर्यंतची वाट मी बुजवली.

आईला आता कमी ऐकू येतं म्हणतात. तरी तिच्या कानाशी बसून, मोठ्याने, हे एवढं सांग. चंद्रीला राग नव्हता. तिला बोलावणं पोचलंच नाही. पोचलं असतं तर ती आली असती.

तुझा भाऊ,
धाकू