पंचशीलाताईंनी खुर्च्या हलवल्या

उदगीरच्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात पंचशीलाताईंना अठरा वर्षं झाली होती. मोंढ्यातल्या धान्यव्यापाऱ्यांपासून साहेबांच्या रागापर्यंत सगळं त्यांना पाठ. त्यांच्या शेजारच्या टेबलावर नवी आलेली सौदामिनी कॉम्प्युटरचं काम बघायची. तिला ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ वाचायची आणि तुटक, पण समजेल असं बोलायची.

सोमवारच्या मीटिंगला सगळे एकदमच बोलत. मॅनेजर अमृतराव तर तोंडासमोर कागद धरून बोलत. एका सोमवारी कुठल्याशा विनोदावर सगळे खो-खो हसले. काय झालं, असं सौदामिनीनं खुणेनं विचारलं.

"काही न्हाई गं, नंतर सांगते," ताई म्हणाल्या आणि विसरून गेल्या.

संध्याकाळी त्यांच्या टेबलावर चिठ्ठी होती. 'ताई, नंतर म्हणजे कधी?'

ती वाचून ताईंना आपले सुरुवातीचे दिवस आठवले. नोकरीला लागल्या तेव्हा त्या डबा घेऊन ऑफिसातल्या बायकांजवळ गेल्या की त्यांचं बोलणं थांबायचं. काय विषय चाललाय विचारलं, तर उत्तर यायचं, "काही नाही." वर्षभर त्या एकट्याच जेवल्या होत्या. आणि आज त्यांच्याच तोंडून तेच निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी तो विनोद सौदामिनीला सांगितला.

"एवढाच?" ती म्हणाली.

"एवढाच. साहेबांचा होता, म्हणून हसलो!"

पुढच्या सोमवारी ताईंनी लवकर येऊन खुर्च्या गोल मांडल्या.

"हे काय करून राहिलात, ताई?" अमृतरावांनी विचारलं.

"तिला सगळ्यांची तोंडं दिसाया पाहिजेत, साहेब. एका वेळी एकानंच बोलायचं, तेबी हात वर करून."

"लई वेळ जाईल की!"

मीटिंग सुरू झाली, पण पाच मिनिटांतच अमृतरावांचा कागद सवयीनं वर गेला. ताई काही बोलणार, तोच सौदामिनीचा हात वर झाला.

"साहेब, कागद खाली. मिशाच दिसतात फक्त."

कागद झटकन खाली आला. मग अमृतरावच मोठ्यानं हसले. "हाव बाई, चुकलंच!" एकमेकांचं बोलणं तोडणं थांबलं, तशी मीटिंगही लवकर आटोपली.

जूनमध्ये पेरणीच्या गर्दीत शेतकऱ्यांचे फोन घेता घेता सगळे टेकीला आले. तक्रारी व्हॉट्सॲपवर घेऊ, असं सौदामिनीनंच मीटिंगमध्ये सुचवलं आणि ते काम स्वतःकडे घेतलं. आता ती मोबाईलमधून मान वर काढत नाही. तिला जेवायला ओढून नेणं, हे पंचशीलाताईंचं रोजचं नवं काम होऊन बसलंय.