आवाज कमी करायचं बटण

वृंदाताईंनी बोटं जिभेवर ओली केली आणि स्टीलच्या डब्यातल्या उघड्या तारांवर दाबली. घरी बनवलेली वाद्यं ऐकायला बंद गिरणीत जमलेले आम्ही सगळे दचकलो. कुणाचं तरी नरडं आवळल्यासारखा आवाज होता तो. वृंदाताई शाळेत गणित शिकवतात आणि सुट्टीत जुने रेडिओ खोलून असली वाद्यं जोडतात. आत छोटा सेल असतो, शॉक बसत नाही. पण कोरड्या बोटाला तारा दाद देत नाहीत आणि बोट जितकं जोरात दाबावं तितकी किंकाळी चढते.

"अहो, आवाज कमी करायचं बटण कुठंय?" एकाने कानांवर हात ठेवून विचारलं.

"ते बसवलंच नाही," त्या म्हणाल्या.

आमच्या घरच्या रेडिओला ते बटण होतं. कमरेचा पट्टा काढण्याआधी वडील ते आवाज वाढेल तिकडे पूर्ण फिरवायचे. मग गल्लीभर गाणी ऐकू जायची, आई नाही. शेजारी म्हणायचे, हौशी माणूस आहे. अजूनही कुठे मोठ्याने गाणं लागलं की मी त्याच्या मागचं ऐकायला बघतो.

वृंदाताईंनी डबा माझ्यापुढे सरकवला. मी बोट ओलं केलं आणि जीव खाऊन दाबलं. त्या किंकाळीवर कुणीही गाणं लावलं नाही.