थोरलीची मूठभर कोथिंबीर

कँटीनमध्ये तिला सगळे थोरली म्हणायचे. नात्यानं ती कुणाचीच थोरली नव्हती. पण वीजमीटरच्या त्या कारखान्यात अडीचशे माणसांना रोज दुपारी जेवू घालणारी बाई म्हटल्यावर वडीलकीचा मान आपोआप चालत येतो. साठीला टेकलेली, अंगानं भरलेली, आणि हातात डाव असला की साक्षात फौजदार. तिची खूण एकच, कोथिंबीर. सूप असो, बटाट्याची भाजी असो, पातेलं शेगडीवरून उतरलं की थोरलीची मूठ त्यावर मोकळी व्हायची. काही जण वाटी पुढे करून "आणखी घाल" म्हणायचे. काही जण एकेक पान वेचून ताटाच्या कडेला हिरवा बांध घालत बसायचे. त्यांच्याकडे बघून थोरली म्हणायची, "गाढवाला गुळाची चव काय!" आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाटीत मुद्दाम चिमूटभर जास्त टाकायची.

तेव्हा मोरीवर धाकटी असायची. तीही कुणाची बहीण नव्हती. थोरलीला 'ताई' म्हणायची म्हणून धाकटी. काडीसारखी बाई, पण हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून. अडीचशे ताटं घासेपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू असे. सगळं आवरलं की दोघी उलट्या ठेवलेल्या डब्यांवर बसून एका पेल्यातला चहा अर्धा अर्धा प्यायच्या. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत हे असंच चाललं होतं.

अकरा वर्षांपूर्वी कारखान्यात नवे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात बाहेरची चार माणसं घेऊन ते कँटीनमध्ये जेवायला बसले. थोरलीनं त्यांच्या सूपवर दुप्पट कोथिंबीर घातली. मान मोठ्यांचा तर मूठही मोठी. साहेबांनी एक चमचा तोंडात घातला आणि वाटी बाजूला सारली. "याला साबणाचा वास आहे," ते म्हणाले. साहेबांना लागला म्हटल्यावर मग आणखी तिघांना लागला.

वाटी आत आली. थोरलीनं त्याच वाटीतलं सूप त्याच चमच्यानं घेऊन चाखलं. साबण नव्हता. पुन्हा चाखलं. सूप फक्कड झालं होतं. तेवढ्यात साहेब स्वतः दारात आले आणि त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

थोरलीनं चमचा खाली ठेवला. सूपला नाव ठेवलं तर आपल्याला नाव ठेवलं, आणि नवा माणूस, पहिला आठवडा. तिच्या तोंडून निघालं, "भांडी मी धूत नाही, साहेब."

वाक्यात खोटं काही नव्हतं. थोरलीनं पुढे अकरा वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण साहेबांना तेवढं पुरलं आणि शनिवारी धाकटी घरी बसली. जाताना ती रडत म्हणाली, "ताई, मी नीट विसळलं होतं गं." त्यावर थोरली म्हणाली, "एखादं राहिलं असेल, कामाच्या घाईत होतं असं." हे मात्र खोटं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी दोन वाक्यांत झाली.

धाकटी गेली, पण कँटीनमध्ये तिचं एक नाव मागे राहिलं, 'साबणबाई'. ताट जरा ओशट लागलं की कुणीतरी म्हणायचंच, "आज साबणबाई आली वाटतं!" वर्षं गेली, माणसं बदलली, धाकटीला कधी न पाहिलेली पोरंसुद्धा हेच म्हणून हसायला लागली. थोरली तेव्हा पातेल्यात तोंड घालून उगाच डाव फिरवत राहायची. धाकटी आता बस डेपोत गाड्या धुते, हे तिच्या कानावर आलं होतं. डेपोवरून जाणारा रस्ता घराला जवळचा, पण थोरली गुडघ्यांच्या नावानं कुरकुरत रोज लांबच्या रस्त्यानं जायची.

हे असंच मिटलं असतं. निवृत्तीला तीन महिने उरले होते. पण मधे जावई आला.

लेकीचं लग्न होऊन महिना झाला होता. जावई पहिल्यांदाच राहायला आलेला, म्हणजे सरबराईला सीमा नव्हती. थोरलीनं सूपवर हिरवंगार रान माजवलं. जावयानं एक चमचा घेतला, डोळे मिटून गिळला आणि घटाघटा पाणी प्यायला. लेक हसायला लागली. "आई, आधी सांगायचं राहिलं. ह्यांना कोथिंबीर चालत नाही."

"राग मानू नका, आई," जावई ओशाळून म्हणाला. "मला ती साबणासारखी लागते, अगदी लहानपणापासून. आमच्या आत्यालाही तसंच होतं. जगात बऱ्याच जणांना होतं म्हणे, जन्मतःच असतं ते."

"कशासारखी?" थोरलीनं विचारलं.

"साबणासारखी. ताट नीट धुतलं नसावं, तशी."

थोरली मटकन खाली बसली. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं होतं जावयानं आणि खवखव सुटली होती सासूला. लेकीला वाटलं आईला अपमान लागला. लागलं होतं ते वेगळंच. साहेबांच्या तोंडातला तो साबण मोरीवरून आलाच नव्हता, तो थोरलीच्या मुठीतून पडला होता.

दुसऱ्या दिवशी काम आटपून ती जवळच्या रस्त्यानं गेली. डेपोच्या मागच्या अंगाला धाकटी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पाइपानं बसची चाकं धूत होती. केस पांढरे झाले होते. तिनं थोरलीला पाहिलं आणि पाइप टाकून धावत आली. "अगंबाई, ताई! वाट चुकलीस का?"

कामगारांच्या खोलीत तिनं चहा टाकला. पेला नळाखाली धरून विसळला. पुन्हा विसळला. आतून बोट फिरवून, नाकाशी धरून, तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा विसळला. थोरलीला बघवेना.

"एवढं कशाला गं?"

"खोडच लागलीय. घरी सून चिडते, म्हणते सगळं पाणी एकट्या तुम्हालाच लागतं." धाकटी हसली. "भांडी घासायला मला परत कुणी उभं केलं नाही ना. इथे बरं आहे. बस कुणी चाटून बघत नाही."

थोरलीनं कोथिंबिरीची गोष्ट सांगितली. जावयाची आणि त्याच्या आत्याचीही सांगितली. धाकटी तोंड उघडं टाकून ऐकत राहिली आणि मग तिचे डोळे भरून आले. "म्हणजे माझं विसळणं कमी पडलं नव्हतं? मलाच वाटायला लागलं होतं गं, एखादं राहिलं असेल. तू म्हणालीस ना, राहिलं असेल." तिनं थोरलीचा हात धरला. "तू कशाला एवढं तोंड पाडतेस? तुला तरी काय ठाऊक! तुझा काय दोष?"

इथे उठून घरी जाता आलं असतं. माफी आयती हातात पडली होती, चहाही गरम होता. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ? थोरलीनं पेला खाली ठेवला.

"मी त्याच वाटीतलं चाखलं होतं," ती म्हणाली. "साहेब आत यायच्या आधी. साबण नव्हता. मला ठाऊक होतं. मी भ्याले आणि तुझ्यावर ढकललं."

धाकटीनं हात काढून घेतला. बाहेर पाइप तसाच वाहत होता. ती उठली, नळ बंद करून आली आणि दारातच उभी राहिली.

"मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "जिथे बोललीस तिथे सांग. सगळे जेवत असतील तेव्हा. मी येईन ऐकायला."

ताई म्हणाली नाही ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीन भरलेलं होतं. थोरलीनं डाव पातेल्यावर आपटला, तेव्हा लोकांना वाटलं, कुणीतरी जेवणाला नाव ठेवलंय. तिनं सगळं सांगितलं. वाटी चाखल्याचंही गाळलं नाही. आधी कुणी तरी हसलं, मग कुणी हसेना.

मागच्या बाकावरच्या एका पोरानं गोंधळून विचारलं, "म्हणजे साबणबाई खरीच कुणी होती?"

"होती," थोरली म्हणाली. "तिची भांडी स्वच्छ होती."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. धाकटी रबरी बुटांनिशी तिथे उभी होती. ती कुणाशी बोलली नाही, थोरलीकडे तिनं पाहिलंही नाही. ओले ठसे उमटवत ती सरळ मोरीवर गेली. ढिगातलं वरचं एक खरकटं ताट उचलून घासलं, नळाखाली धरलं, एकदाच विसळलं आणि उपडं ठेवलं. मग आली तशी निघून गेली.

थोरलीनं त्या दिवशी सूपवर कोथिंबीर घातली नव्हती, पण कुणी मागितलीही नाही.