पारूबाईच्या सीनमध्ये दार नाही

दवाखान्यात सिस्टर म्हणून वीस वर्षं काढली की एक कळतं. गोळ्यांचा स्टॉक संपतो, किश्श्यांचा नाही! पण हल्लीचे किस्से सांगताना हसू येत नाही, डोकं फिरतं.

बाहेरून येणाऱ्या नव्या डॉक्टरांना 'गावची रीतभात' शिकवायला वरून एक प्रोग्रॅम आला. कॉम्प्युटरवर पारूबाई नावाची पेशंट. नथ, हिरवी नऊवारी, कपाळभर कुंकू, आणि बाई कांदा काढतेय! अहो, नथ घालून कांदा कोण काढतं?

*

आवाज मात्र खरा होता, शेजारच्या डिंगोरे गावच्या हौसाबाईंचा. रेकॉर्डिंग आमच्याच दवाखान्यात झालं. रेकॉर्डिंगवाला सारखा म्हणे, "आजी, अजून गावाकडचं बोला ना."

शेवटी हौसाबाई भडकल्या, "मग आतापातूर मी काय इंग्लिश बोलत व्हते व्हय रं?"

काम झालं, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन त्या माझ्याकडं वळल्या. "सिस्टर, छातीत गाठ लागतीया गं. दोन महिनं झालं."

मी हादरलेच. म्हटलं, "डॉक्टरांना आत्ता सांगते."

"तू नाय सांगायचं. माझं मी सांगीन." शपथच घातली!

*

आमच्याकडं बाया असंच करतात. समोर बसवून विचारलं तर "बरं हाय". खरं दुखणं निघतं ते चपला घातल्यावर, दाराशी. पारूबाई तर पहिल्याच प्रश्नाला सगळा रोग घडाघडा सांगते!

मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. प्रोग्रॅमवाले म्हणाले, "मॅडम, सीनमध्ये दारच नाहीये."

"मग बसवा की!"

"पुढच्या व्हर्जनला बघू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना नथ बसवता येते, दार नाही!

*

चहाला नाही म्हटलं नाही की पारूबाई दहा मार्क देते. आमचे नवे डॉक्टर तापाच्या एका आजोबांना घरी बघायला निघाले आणि वाटेत पाच घरी चहा प्यायले. पोचले तोवर आजोबा जुन्नरला जाऊन, इंजेक्शन घेऊन परत आले होते.

"आलाच हायसा तर च्या घ्या," आजोबा म्हणाले.

*

एकदा जीन्समधली मुलगी आली, तापानं फणफणलेली. डॉक्टरांनी हात जोडले, "राम राम माउली! यंदा काय पेरलंय?"

"मी पुण्यात आयटीत आहे," ती म्हणाली. "तपासता का आता?"

एवढं होऊनही साहेबांना परीक्षेत शंभरपैकी शंभर! सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय, रोज मीच पुसते.

*

मंगळवारी हौसाबाई आल्या. मीच चार वेळा निरोप धाडला होता.

"राम राम माउली! काय त्रास होतोय?"

"काय नाय. बरं हाय."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर टाइप केलं, 'तक्रार नाही'. मी कोपऱ्यात उभी. शपथेनं तोंड बांधलेलं.

हौसाबाई उठल्या. चपला घातल्या. दाराशी जाऊन चौकटीला हात लावला आणि वळल्या.

"डाक्टर..."

डॉक्टरांनी मानसुद्धा वर केली नाही. "आजी, जाताना दार लावून घ्या."

हौसाबाईंनी दार लावलं. आतून. कडी घातली, चपला काढल्या आणि परत खुर्चीत येऊन बसल्या.

"लावलं दार. आता माज्याकडं बघ."